फुटलेल्या फाईलचे नाटक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नाट्यलेखनाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत एक कथानक पुन्हा पुन्हा भेटले : एखाद्या कंपनीची किंवा कारखान्याची गोपनीय फाईल बाहेर फुटते, ती कोणी फोडली याचा शोध सुरू होतो आणि त्या शोधात एकेकाचे पितळ उघडे पडत जाते. साखर कारखाने, वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहती आणि जालन्याच्या बियाणे कंपन्या पाहत वाढलेल्या लेखकांना हे कथानक सुचावे, हे स्वाभाविक आहे. त्याचा बाज बहुतेकांनी ब्लॅक कॉमेडीचा ठेवला आहे, आणि ती निवड मला योग्य वाटते. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी मी अर्ध्या तासाची एकांकिका लिहिली आहे. एका खासगी साखर कारखान्याचा संगणक ऑपरेटर प्रयोगशाळेची खऱ्या उताऱ्याची (उसातून टक्केवारीने किती साखर निघाली याची) फाईल ‘ऑफिस’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपऐवजी चुकून ‘ऊस उत्पादक शेतकरी’ या ग्रुपवर टाकतो आणि कारखान्यात धावपळ उडते. वाचनाच्या वेळी पहिली दहा मिनिटे सगळे खळखळून हसले. पण चीफ केमिस्ट उतारा आणि एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) समजावून सांगू लागताच वाचन पडले. तो प्रवेश काढला तर फाईलमध्ये काय आहे ते कळत नाही, ठेवला तर नाटक पडते. काय करावे?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : तो प्रवेश निर्धास्तपणे काढा. प्रेक्षकाला दोनच गोष्टी कळायला हव्यात : कोणाच्या पदरचे किती गेले, आणि ते उघड झाले तर कोणाची खुर्ची डळमळते. बाकीचा हिशेब लेखकाने आपल्या वहीत पक्का करून ठेवावा, कारण तो पक्का नसला की पात्रांची भीती खोटी वाटू लागते.

तो हिशेब असा. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, म्हणजे टनाला 3550 रुपये, असा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, ठरवला आहे. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे जास्तीचे द्यायचे आहेत. आपल्या कारखान्याचा खरा उतारा 10.75 आणि कागदावरचा 10.25 धरला, तर टनामागे 173 रुपयांचा फरक पडतो, आणि पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हाच फरक 8 कोटी 65 लाखांवर जातो. हे सगळे आपल्या केमिस्टच्या तोंडी होते. ते त्याच्याकडून काढून घ्या आणि वजनकाट्यापाशी ट्रॅक्टर लावून ताटकळत बसलेल्या शेतकऱ्याला द्या. तो मोबाईलवर फाईल उघडतो, ओठ हलवत आकडे वाचतो आणि म्हणतो, ‘म्हंजे टनामागं एकशेत्र्याहत्तर रुपये. माजा तर दोनशे टन गेलाय.’ मग तो मोबाईलवरच गुणाकार करतो आणि 34,600 हा आकडा शेजारच्याला दाखवतो. एवढ्यात सगळे नाट्यगृह उतारा शिकलेले असते.

यानंतरचे काम जास्त महत्त्वाचे आहे, आणि आपल्या संहितेत ते अर्धेच झाले आहे. फाईल फुटल्यावर प्रत्येक पात्र घाबरते, हे आपण लिहिले. पण सगळे एकसारखेच घाबरतात, आणि इथेच घोडे पेंड खाते. केमिस्टला आपल्या सहीची भीती आहे. शेतकी अधिकाऱ्याला गव्हाणीपाशी जमणाऱ्या गर्दीची भीती आहे. जनरल मॅनेजरला पुण्याच्या साखर आयुक्त कार्यालयातून येणाऱ्या फोनची भीती आहे, कारण 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत न दिल्यास 15 टक्के व्याज लागते, आणि उतारा खोटा ठरला तर दिलेले पैसेही अपुरे ठरतात. अध्यक्षांना येत्या निवडणुकीची भीती आहे. गावोगाव ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या स्लिपबॉयला मात्र साधी मार खाण्याची भीती आहे, कारण रात्री त्याला त्याच गावात झोपायचे आहे. आता प्रत्येकाला आपापल्या भीतीवर अगदी शहाणपणाचा उपाय करू द्या आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अडचणीत आणणारा ठरू द्या. केमिस्ट स्वतःला वाचवण्यासाठी जुनी वही जाळायला काढतो, तीच वही जनरल मॅनेजरला आयुक्तांपुढे हवी असते. शेतकी अधिकारी गर्दी टाळण्यासाठी काटा बंद ठेवतो, आणि तोडून आणलेला ऊस गाडीत वाळू लागल्यामुळे गर्दी दुप्पट होते. इथे कोणीही मूर्खपणा करत नाही. मूर्ख माणसे दाखवून फार्स होतो. शहाणी माणसे आपल्याच शहाणपणाने खड्ड्यात जाताना दाखवली की ब्लॅक कॉमेडी होते.

आपल्या संहितेत एक क्षण अप्रतिम आहे आणि तो आपण दोन ओळींत संपवला आहे. चूक लक्षात आल्यावर ऑपरेटर घाईघाईने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ऐवजी ‘डिलीट फॉर मी’ दाबतो. याला वेळ द्या. ती फाईल आता फक्त त्याच्या मोबाईलवरून गेली आहे. ग्रुपवरच्या इतर सगळ्यांना ती दिसते आहे, त्याला मात्र दिसत नाही. अशी चूक झाल्यास ती मागे घेण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप पाच सेकंद देते, आणि नेमक्या त्या पाच सेकंदांत साहेबांनी त्याला हाक मारावी. पुढची पाच मिनिटे तो माणूस ‘गेली साहेब, डिलीट केली’ असे मनापासून सांगत राहील, रंगमंचावरच्या इतरांचे मोबाईल एकामागून एक वाजत राहतील, आणि खोटे न बोलणारा तो एकटाच खोटारडा ठरत जाईल. आपल्या एकांकिकेचा गाभा तिथे आहे.

प्रश्न : मी वाळूजच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक लिहिते आहे. कॅन्टीनच्या सवलतीची एक साधी एक्सेल यादी सगळ्या विभागांना जाते. तिच्यातला एक रकाना लपवलेला असतो, आणि कोणीतरी तो उघडल्यावर कळते की त्यात प्रत्येकाच्या नावापुढे ‘ठेवणे’ किंवा ‘काढणे’ असा शेरा आहे. पुढे सुरक्षा अधिकारी कामगारांच्या घरांवर पाळत ठेवतो, हे आमच्या दिग्दर्शकांना अतिरंजित वाटते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? आणि नाटकात चौकशीचा प्रवेश आहे, तो खरा वाटण्यासाठी काय पाहावे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लपवलेल्या रकान्याची कल्पना अस्सल आहे. माऊसच्या उजव्या कळीने दोन क्लिक केले की तो रकाना उघडतो, त्यासाठी कोणालाही हॅकर व्हावे लागत नाही. आणि फाईल ‘फोडली’ गेली की कंपनीनेच ती वाटली, हा प्रश्न नाटकभर जिवंत राहतो.

पाळतीबद्दल दिग्दर्शकांना एक घडलेली हकीकत सांगा. 2019 मध्ये अमेरिकेतील ईबे या कंपनीच्या सुरक्षा विभागातील माणसांनी, कंपनीवर टीका छापणारे वार्तापत्र चालवणाऱ्या मॅसॅच्युसेट्समधील एका दांपत्याच्या घरी जिवंत झुरळे, रक्ताळलेल्या डुकराचा मुखवटा, अंत्यविधीचे पुष्पचक्र आणि जोडीदार गेल्यानंतर कसे जगावे याविषयीचे पुस्तक पाठवले, आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी ही माणसे विमानाने तिथवर गेली. त्या विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला 2022 मध्ये 57 महिन्यांची कैद झाली आणि 2024 मध्ये कंपनीने 30 लाख डॉलरचा दंड मान्य केला. तेव्हा घटना अतिरंजित नाही. तरीही दिग्दर्शकांची तक्रार ऐकण्यासारखी आहे, कारण आपल्या संहितेत सुरक्षा अधिकारी पहिल्या अंकात फाटकावर रजिस्टर तपासतो आणि दुसऱ्या अंकात एकदम दुर्बीण घेऊन बजाजनगरच्या गच्चीवर दिसतो. मधल्या पायऱ्या लिहा. वरचा साहेब कधीच ‘पाळत ठेवा’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘जरा लक्ष असू द्या.’ खालचा साहेब तेच ‘लक्ष ठेवायला सांगितलंय’ असे पुढे देतो, त्याच्या खालचा ‘साहेबांना रिझल्ट पाहिजे’ म्हणतो, आणि शेवटचा माणूस गच्चीवर चढतो. एकाही टप्प्यावर कोणी बेकायदा आदेश दिलेला नसतो, आणि नंतर प्रत्येकाला प्रामाणिकपणे कानावर हात ठेवता येतात.

चौकशीच्या प्रवेशात आपण न्यायालयातली भाषा वापरली आहे, ती बदला. कंपनीतल्या खातेनिहाय चौकशीत कारणे दाखवा नोटीस, निलंबन, आरोपपत्र, चौकशी अधिकारी, व्यवस्थापनाचे साक्षीदार, त्यांची उलटतपासणी, बचावाचे साक्षीदार आणि शेवटी निष्कर्षाचा अहवाल असा क्रम असतो. आरोपी कामगाराला आपल्या मदतीला सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी घेता येतो. निलंबनाच्या काळात कामगाराला पहिले 90 दिवस निम्मे वेतन आणि चौकशी त्याच्या दोषाशिवाय लांबली तर पुढे 75 टक्के वेतन निर्वाहभत्ता म्हणून मिळते. हा तपशील नुसता अचूकतेसाठी सांगत नाही. निम्म्या पगारावर घरी बसलेला माणूस आणि त्याच्या वाट्याचे काम करून दुप्पट थकलेला त्याचा मित्र यांचा एक प्रवेश आपल्या नाटकात नाही, आणि तो हवा आहे.

याहून मोलाची गोष्ट नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वात दडलेली आहे. ज्या कागदाच्या आधारे आरोप ठेवला, तो कागद आरोपीला दाखवावा लागतो. आपल्या नाटकात आरोप आहे गोपनीय यादी फोडल्याचा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्या स्टोअरमधल्या माणसाने ती यादी उघडूनही पाहिलेली नाही. आता चौकशी अधिकाऱ्यापुढे पेच उभा राहतो : यादी दाखवली नाही तर चौकशी टिकत नाही, आणि दाखवली तर कंपनीने स्वतःच ती त्याच्या हातात दिली असे होते. बराच खल होऊन यादी त्याला दिली जाते, पोच म्हणून त्याची सही घेतली जाते, आणि तो पहिल्यांदाच ती वाचायला लागतो. आपल्या नावापुढे ‘ठेवणे’ असा शेरा आहे, हे त्याला तिथे कळते. या एका प्रवेशावर आपले नाटक उभे राहील. त्यासाठी दुर्बिणीचा सगळा भाग कापावा लागला तरी कापा.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत फाईल फोडल्याचा खोटा आळ आलेला कंत्राटी लिपिक शेवटी आत्महत्या करतो. गटात मतभेद आहेत. काहींच्या मते या शेवटाने नाटक उंचीवर जाते, काहींच्या मते आधी अर्धा तास हसवून असा शेवट करणे निर्दयपणाचे आहे. आपले मत काय?
— एक नाट्यगट, माजलगाव (जि. बीड)

उत्तर : आत्महत्येचा शेवट काढून टाका, असे मी स्पष्टपणे सांगतो. मराठवाड्यात नाट्यगृहातल्या शंभर माणसांत ज्याच्या घरी किंवा भावकीत असे घडले आहे असा माणूस बसलेला असतोच, आणि त्याचे दुःख आपण केवळ टाळीसाठी वापरायचे, हे मला मान्य होत नाही. लेखनाच्या बाजूने पाहिले तरी हा शेवट कच्चा आहे. अर्धा तास ज्यांना आपण प्रश्न विचारत होतो, ती अधिकारी मंडळी या मृत्यूमुळे एकदम गंभीर होऊन माना खाली घालतात आणि सुटतात.

मृत्यू विनोदी नाटकात येऊच नये, असे माझे म्हणणे नाही. तो आधी येऊ द्या आणि साध्या कारणाने येऊ द्या. तो लिपिक रात्रपाळीहून परतताना अपघातात जातो, असे समजू. फाईल त्यानंतर दोन दिवसांनी फुटल्याचे उघड होते आणि सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते, कारण दोष घ्यायला आता एक माणूस आहे आणि तो उत्तर देणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार प्रेक्षकांसमोर उघडपणे घडू द्या. मग शोकसभेच्या ठरावाचा मसुदा लिहिण्याचा प्रवेश येऊ द्या. ‘आमचे कर्मचारी’ असे लिहिले तर कामावरून जाता-येताना झालेल्या अपघाताची भरपाई कंपनीच्या गळ्यात येण्याची भीती आहे. ‘ठेकेदाराचा माणूस’ असे लिहिले तर कंपनीची गोपनीय फाईल ठेकेदाराच्या माणसाच्या हातात कशी होती, हा प्रश्न उभा राहतो. टेबलाभोवती बसलेली पाच माणसे एका शब्दासाठी तासभर झगडतात, आणि बाहेर त्याची आई ठरावाची प्रत मिळेल का म्हणून थांबलेली असते. प्रेक्षक त्या पाच जणांना हसतील, आणि त्या आईमुळे त्यांना आपल्या हसण्याची जाणीव होईल. विनोद कोणावर करायचा, याची दिशा एवढी स्वच्छ असली की निर्दयपणाचा प्रश्न उरत नाही.

माहिती बाहेर जाणे ही प्रत्येक वेळी सत्तेची अडचण असते असेही नाही. कधी ते सत्तेच्या निष्काळजीपणाने घडते आणि त्याची किंमत प्रामाणिक माणूस मोजतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. तपासात लुटीचा हेतू पुढे आला. पण ज्याने नाव झाकायला सांगितले त्याचे नाव शेऱ्यांसह फिरत राहिले, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही. त्या घटनेनंतर देशभर मागणी झाली आणि 2014 मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने केला, मात्र तो प्रत्यक्ष लागू करण्यात आला नाही. आपल्या नाटकातल्या लिपिकाने खरोखरच काही वर कळवले असेल, तर ते पत्र टेबलाटेबलावरून कसे खाली येते, हे जरूर दाखवा. त्या प्रवेशात विनोद आणू नका.

प्रश्न : कंपनीतली पात्रे प्रमाण मराठीत बोलावीत की नांदेडकडच्या बोलीत? परीक्षक बोलीला ‘गावरान विनोद’ समजतात, असा आमचा अनुभव आहे.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : बोली हसवण्यासाठी वापरली की परीक्षक तसे समजणारच. आपल्याकडचा अधिकारी मीटिंगमध्ये प्रमाण मराठी आणि इंग्रजी शब्द वापरतो, घरच्या फोनवर बोलीत बोलतो आणि घाबरला की मीटिंगमध्येही बोलीत येतो. तेव्हा कोण कधी बोलीवर येतो, हे भीतीच्या क्रमाने ठरवा. आपण पाठवलेल्या पानांत चपराशाचे एक वाक्य आहे : ‘साहेब, म्या फाईल फोडलो न्हाई, फाईलच मला फोडायलीय.’ ते जसेच्या तसे ठेवा. तेच वाक्य शेवटच्या प्रवेशात जनरल मॅनेजरच्या तोंडी आले, तर त्यातून वेगळा परिणाम साधेल, कारण तोवर त्याच्या तोंडून एकही बोलीतला शब्द आलेला नसेल.

प्रश्न : आमच्या गावात एका बियाणे कंपनीच्या बाबतीत खरोखर असे घडले आहे. संकरित वाणाचे नर-मादी जनक (ज्यांच्या संकरातून ते बियाणे तयार होते ती मूळ झाडे) कोणत्या शेतांवर लावले आहेत, ती यादीच बाहेर गेली. मी नावात एखादे अक्षर बदलून नाटक लिहिले तर चालेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : एखादे अक्षर बदलून काहीही साधत नाही, गावातला प्रेक्षक पहिल्या मिनिटात ओळखतो, आणि ज्याच्यावर लिहिले तोही ओळखतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, शिवाय दिवाणी दावा वेगळा. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि बहुतेक स्पर्धा ते मागतात. पण ते मिळाले म्हणून बदनामीच्या खटल्यापासून संरक्षण मिळत नाही. आपण स्वतः त्या कंपनीत कामाला असाल, तर नोकरीच्या करारातल्या गोपनीयतेच्या अटीही वाचून पाहा.

मला मात्र याहून मोठे कारण लेखनाचे वाटते. खरी घटना जशीच्या तशी घेतली की लेखक तिच्याशी बांधला जातो. गावात जे घडले त्यातली यंत्रणा तेवढी उचला : ज्या शेतकऱ्यांच्या रानात हे प्लॉट आहेत त्यांना आपल्या रानात काय पेरले आहे हे नीट सांगितलेले नसते, राखण करणाऱ्याला तर अजिबातच नाही, आणि चोरी झाल्यावर पहिला संशय त्याच्यावरच येतो. हे कोणत्याही कंपनीत, कोणत्याही पिकाबाबत घडू शकते. पीक बदला, तालुका बदला, मालकाच्या जागी मालकीण आणा, आणि मग पात्रांना त्यांच्या वाटेने जाऊ द्या.

प्रश्न : फाईल कोणी फोडली, हे शेवटी कळले पाहिजे का? माझ्या एकांकिकेत शेवटची तीन पाने खऱ्या आरोपीच्या कबुलीजबाबाची आहेत. काही मित्रांच्या मते ती काढावीत, पण मग प्रेक्षकांना फसवल्यासारखे वाटेल, अशी मला भीती वाटते.
— एक वाचक, परांडा (जि. धाराशिव)

उत्तर : आपली भीती रास्त आहे. दोन तास शोध दाखवून उत्तर न देणारे नाटक प्रेक्षक माफ करत नाहीत. पण उत्तर देणे आणि कबुलीजबाब देणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. या बाबतीत अमेरिकेतील ह्युलेट-पॅकार्ड या कंपनीची 2006 सालची हकीकत प्रत्येक लेखकाने अभ्यासावी, अशी आहे.

त्या वर्षी जानेवारीत एका वृत्तसंकेतस्थळावर कंपनीच्या संचालकांच्या बैठकीची बातमी आली. तिच्यात फार स्फोटक काही नव्हते. रात्री दहापर्यंत व्याख्याने चालली आणि सगळे थकून झोपायला गेले, इतपत तपशीलही तिच्यात होता. तरीही अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांच्या पुढाकाराने बातमी फोडणाऱ्याचा शोध सुरू झाला. शोधासाठी नेमलेल्या खासगी हेरांनी संचालकांच्या आणि पत्रकारांच्या नावाने फोन कंपन्यांना खोटे फोन करून त्यांच्या कॉलच्या नोंदी मिळवल्या. एका पत्रकार महिलेला कंपनीवर नाराज असलेल्या एका काल्पनिक कर्मचाऱ्याच्या नावाने ईमेल पाठवून त्यात माग काढणारी फाईल जोडण्यात आली. या सगळ्या तपासाची देखरेख करणारा वकील कंपनीच्या नीतिमत्तेच्या कामाचाच प्रमुख होता. मे महिन्यात संचालक मंडळाच्या बैठकीत फोडणाऱ्याचे नाव जाहीर झाले. ते होते जॉर्ज कीवर्थ, मंडळातले सर्वांत जुने संचालक. त्याच बैठकीत टॉम पर्किन्स या दुसऱ्या संचालकाने तपासाच्या पद्धतीच्या निषेधार्थ राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये प्रकरण बाहेर आले, डन यांना पायउतार व्हावे लागले, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि डिसेंबरमध्ये कंपनीने कॅलिफोर्निया राज्याशी तडजोड करून 1 कोटी 45 लाख डॉलर भरले. डन यांच्यावरचे आरोप पुढच्या वर्षी न्यायालयाने काढून टाकले.

इथे फोडणारा सापडला, आणि सापडला तेव्हा त्याचे नाव ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट झाली होती. शोधाने केलेले नुकसान फुटलेल्या बातमीपेक्षा कितीतरी मोठे ठरले. आपल्या एकांकिकेचे सगळे प्रवेश नेमके हेच सांगत आहेत, आणि शेवटची तीन पाने मात्र मूळ रहस्यकथेकडे परत जातात. कबुलीजबाबात आरोपी आपले बालपण, कर्ज आणि अपमान सांगतो. हे सगळे खरे असेलही, पण आपण तोवर त्याची कथा सांगत नव्हतो.

त्याऐवजी असे करून पाहा. फोडणारा पकडण्यासाठी अध्यक्ष पाच संचालकांना एकाच फाईलच्या पाच प्रती देतात. प्रत्येक प्रतीत एका आकड्यात किंचित फरक केलेला असतो, म्हणजे जो आकडा बाहेर येईल त्यावरून फोडणारा कळेल. ही युक्ती जगभर हेरगिरीत वापरली जाते आणि ती प्रेक्षकाला एका वाक्यात समजते. संध्याकाळी बाजारपेठेतून बातम्या येऊ लागतात. पहिला आकडा पानटपरीवर पोचलेला असतो, दुसरा एसटी स्टँडवर, तिसरा सलूनमध्ये. अध्यक्ष प्रत्येक आकड्याबरोबर एकेका नावावर रेघ मारतात, आणि पाचवी रेघ मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात येते की आता बैठक बोलावायची तर कोणाबरोबर, हाच प्रश्न आहे. प्रेक्षकांना उत्तर मिळाले, तेही पाच वेळा. मग त्यांचा ड्रायव्हर आत येऊन गावात एक सहावा आकडाही फिरतो आहे असे सांगतो, आणि तो आकडा फक्त अध्यक्षांच्या घरी ठेवलेल्या मूळ प्रतीत आहे. या वाक्यावर पडदा पाडा; कबुलीजबाबाची तीन पाने मग लागणार नाहीत, आणि आपली एकांकिका स्पर्धेच्या वेळेतही बसेल.